नोकरी सांभाळून पीएचडी थिसिसच्या करेक्शन्स कशा पूर्ण करायच्या: क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हातात एक्झामिनरचे रिपोर्ट आलेत, गाइड म्हणतायत "करून टाका लवकर", आणि रोज सकाळी कामावरही जायचंच आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिट्यांच्या पद्धतीची धरली आहेत, म्हणजे पार्ट टाइम पीएचडी करणारे कॉलेजचे प्राध्यापक, बँकेतले, झेडपीतले, कंपनीतले लोक. विषयांचं म्हणाल तर कॉमर्स, मॅनेजमेंट, सोशल सायन्स, एज्युकेशन इथली उदाहरणं जास्त येतील कारण सर्व्हेवाले थिसिस तिथे जास्त असतात, पण क्रम सगळ्यांना सारखाच लागू होतो.

करेक्शन्स महिनोन्महिने रखडतात त्याला लोक "वेळच मिळत नाही" असं कारण देतात. वेळ कमी असतो हे खरंच आहे. पण मी आजूबाजूला जे बघते त्यात बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. रिपोर्ट आला की माणूस थिसिसची वर्ड फाइल उघडतो आणि पहिल्या प्रकरणापासून वाचायला लागतो, वाचता वाचता भाषा सुधारत बसतो, दोन-तीन रविवार प्रस्तावनेतच जातात, आणि एक्झामिनरने विचारलेल्या गोष्टीला अजून हातही लागलेला नसतो. तुम्हाला थिसिस सुधारायचा नाहीये, एक्झामिनरची यादी बंद करायची आहे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि नोकरी करणाऱ्याकडे फक्त दुसऱ्याएवढाच वेळ असतो.

## १. आधी पत्र वाचा, थिसिस नाही

युनिव्हर्सिटीचं पत्र आणि दोन्ही रिपोर्ट प्रिंट काढून पेनाने खुणा करत वाचा. तुमच्या करेक्शन्स नक्की कुठल्या प्रकारच्या आहेत हे इथेच ठरतं, कारण प्रत्येक प्रकारची वाट वेगळी आहे.

पहिला प्रकार, व्हायव्हाच्या (शेवटच्या तोंडी परीक्षेच्या) आधीच्या करेक्शन्स. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे बाहेरचे किमान दोन एक्झामिनर असतात, आणि त्या दोघांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून थिसिस स्वीकारायची शिफारस केली असेल तरच व्हायव्हा होते. एकाने नापसंती दिली तर थिसिस मंजूर पॅनेलवरच्या पर्यायी एक्झामिनरकडे जातो, त्यानेही नाकारला तर थिसिस रिजेक्ट. तुमचं रजिस्ट्रेशन ७ नोव्हेंबर २०२२ च्या आधीचं असेल तर तुम्हाला २००९ किंवा २०१६ चे नियम लागू असतील, ते आधी बघून घ्या.

दुसरा प्रकार, व्हायव्हात तोंडी सुचवलेल्या करेक्शन्स. या सगळ्यात धोक्याच्या, कारण त्या कुणी नीट लिहून घेतलेल्या नसतात. व्हायव्हा झाली की त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, आठवेल ते सगळं लिहून गाइडना मेल करा आणि "यात काही राहिलंय का" असं विचारा. चार दिवसांनी तुम्हाला एक आठवतं, गाइडना दुसरंच.

तिसरा प्रकार, सिमिलॅरिटी (आधी छापलेल्या मजकुराशी जुळणारा भाग) जास्त आली म्हणून परत आलेला थिसिस. त्याबद्दल खाली आठव्या टप्प्यात.

यूकेमध्ये पीएचडी करून तिथेच नोकरीला लागलेली आपली बरीच मंडळी आहेत, त्यांच्याकडे साधारणपणे आधी व्हायव्हा होते आणि मग मायनर किंवा मेजर करेक्शन्स ठराविक मुदतीत करायच्या असतात, सहसा इंटर्नल एक्झामिनर त्या तपासून पास करतो. खालचा टेबलाचा भाग त्यांना जसाच्या तसा चालेल, सह्या-शिक्क्यांचा भाग सोडून द्या.

तपासा: पत्रात मुदत कुठल्या तारखेपासून मोजलीय? पत्राच्या तारखेपासून की तुम्हाला मिळाल्यापासून? दुरुस्त थिसिस पुन्हा एक्झामिनरकडे जाणार आहे की फक्त गाइडच्या सर्टिफिकेटवर चालणार आहे? मुदत लिहिलेलीच नसेल तर पीएचडी सेक्शनला मेल करून लेखी विचारा. फोनवर कुणी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

सावध: रजिस्ट्रेशनचा कालावधी संपत आला असेल तर हे काम सगळ्यात आधी. २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क धरून जास्तीत जास्त सहा वर्षं, री-रजिस्ट्रेशनने आणखी दोन, आणि महिलांना व ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तुमच्या बाबतीत करेक्शनचा काळ कसा धरणार हे युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या.

## २. रिमार्क फोडून टेबल बनवा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच टाळला जातो कारण यात "काम केल्यासारखं" वाटत नाही. एक पूर्ण बैठक यालाच द्या.

एक्झामिनर परिच्छेद लिहितो, कामं लिहीत नाही. समजा रिपोर्टमध्ये आहे: "नमुना निवडीचं समर्थन अपुरं आहे, चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यांचं विवेचन वरवरचं आहे, संदर्भ जुने आहेत आणि तिसऱ्या गृहीतकाचं काय झालं ते निष्कर्षात दिसत नाही." हे एक वाक्य आहे पण चार कामं आहेत, आणि त्यातलं दुसरं काम म्हणजे पुन्हा तेवीस-चोवीस तक्ते असू शकतात. हे फोडलं नाही तर तुम्ही संदर्भ टाकून मोकळे होता आणि गृहीतकाचं राहून जातं.

एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये टेबल करा. रकाने असे ठेवा: नंबर, एक्झामिनर पहिला की दुसरा, रिमार्क त्यांच्याच शब्दांत, मला नेमकं काय करायचंय, प्रकरण, डोक्याचं काम की हाताचं, झालं की नाही, काय केलं, नवीन पान नंबर. शेवटचे दोन रकाने आत्ता रिकामे राहतील. पुढे हेच टेबल कम्प्लायन्स रिपोर्ट (कुठल्या रिमार्कवर काय केलं याचा अहवाल) म्हणून द्यायचं असतं, म्हणून रिमार्क आपल्या शब्दांत बदलून लिहू नका. एक्झामिनरला स्वतःचं वाक्य ओळखू आलं पाहिजे.

"डोक्याचं की हाताचं" हा रकाना मी मुद्दाम सांगतेय. हाताचं काम म्हणजे स्पेलिंग, तक्त्यांचे नंबर, संदर्भांची एकसारखी पद्धत, पानांचे समास. डोक्याचं म्हणजे जिथे विचार करून नवीन काही लिहावं लागणार. दिवसभर काम करून आल्यावर रात्री हाताचं काम होऊ शकतं, डोक्याचं होत नाही, आणि ओढूनताणून केलं तर ते परत करावं लागतं.

दोन्ही एक्झामिनरनी एकच मुद्दा काढला असेल तर त्याला ठळक खूण करा, तो वरवर मिटवून चालणार नाही. दोघांनी उलट सांगितलं असेल, एक म्हणतो प्रकरण वाढवा आणि दुसरा म्हणतो कमी करा, तर तिथे स्वतः निर्णय घेऊ नका, तो प्रश्न गाइडच्या मीटिंगसाठी ठेवा.

रिपोर्टमधलं कौतुकही एका कोपऱ्यात लिहून ठेवा. जो भाग एक्झामिनरला आवडलाय त्याला हात लावायचा नाही, हे त्याने कळतं.

तपासा: रिपोर्ट परत पहिल्यापासून वाचा आणि प्रत्येक वाक्यासमोर टेबलमधला नंबर लिहा. ज्या वाक्याला नंबर नाही ते एकतर कौतुक आहे किंवा तुमच्याकडून सुटलंय.

## ३. गाइडबरोबर एकच मीटिंग, पण टेबल घेऊन

"सर, रिपोर्ट आलाय, काय करू?" असं विचारत गेलात तर सर म्हणतील "बघा तुम्ही, करा आणि दाखवा". त्यात त्यांचीही चूक नाही, त्यांच्याकडे सात-आठ विद्यार्थी आणि स्वतःचं कॉलेज असतं. टेबल आधी मेल करा, दोन दिवसांनी भेटा, आणि फक्त तीन गोष्टींवर बोला: कुठल्या कामाचा अर्थ नीट लागत नाहीये, कुठला रिमार्क आपल्याला पटत नाहीये, आणि कुठपर्यंत केलं की पुरे.

तिसरा मुद्दा नक्की विचारा. "साहित्य समीक्षा अद्ययावत करा" याचा अर्थ पाच नवे संदर्भ की पन्नास? गाइडनी "शेवटच्या पाच वर्षांतले पंधराएक चांगले पेपर घ्या" असं सांगितलं की काम मापात येतं.

न पटलेल्या रिमार्कबद्दल लोक दोन टोकं गाठतात. काही जण गपचूप सोडून देतात, काही जण पटत नसतानाही सगळं बदलतात आणि थिसिसचं म्हणणंच बिघडवतात. एक्झामिनरचा प्रत्येक रिमार्क मानलाच पाहिजे असं नाही, पण प्रत्येकाला उत्तर मात्र दिलंच पाहिजे. समजा थिसिस ग्रामीण महिला बचत गटांवर आहे, तर उत्तर असं असावं: "सूचनेबद्दल आभार. शहरी बचत गटांशी तुलना हा या अभ्यासाच्या व्याप्तीबाहेरचा विषय असल्याने ती केलेली नाही. ही मर्यादा आता प्रकरण १ मध्ये स्पष्ट नोंदवली आहे आणि पुढील संशोधनाची दिशा म्हणून प्रकरण ६ मध्ये मांडली आहे." म्हणजे नाही म्हणताना पण थिसिसमध्ये काहीतरी बदल दाखवलाय. गाइडची संमती असल्याशिवाय असं उत्तर पाठवू नका.

सावध: एक्झामिनरने शीर्षक बदलायला सांगितलं तर परस्पर बदलू नका, एक शब्दसुद्धा नाही. मंजूर शीर्षक रजिस्ट्रेशनच्या कागदांवर असतं, बदलाची प्रक्रिया वेगळी असते आणि ती युनिव्हर्सिटीच्या समितीतून जाते. हे आधी सुरू करा कारण समितीची बैठक तुमच्या सोयीने लागत नाही.

## ४. नोकरीचं कॅलेंडर समोर ठेवून तारखा टाका

आता मुदतीच्या तारखेपासून मागे मोजत या. शेवटचे तीन आठवडे बाजूला काढा, ते सह्या, सिमिलॅरिटी रिपोर्ट, बाइंडिंग आणि गाइड परगावी असणं यात जाणार आहेत. ते तुमच्या कामाचे आठवडे नाहीत.

उरलेल्यात आधी फुल्या मारा. बँकेत असाल तर मार्च एंड. कॉलेजात असाल तर परीक्षा, कॅपमध्ये (केंद्रीय मूल्यांकनात) पेपर तपासणं, नॅकच्या मूल्यांकनाची किंवा एक्यूएआरची (नॅकला द्यायच्या वार्षिक अहवालाची) गडबड. शाळेत असाल तर इलेक्शन ड्युटी. घरातलं लग्न, मुलांच्या परीक्षा, गणपती. हे आठवडे शून्य धरा, "थोडं थोडं करू" असं धरू नका. मग जे आठवडे राहतात ते बघून पोटात गोळा येतो, पण तो आत्ताच आलेला बरा, कारण मुदतवाढीचा अर्ज करायचा असेल तर तो मुदत संपायच्या आधी करायचा असतो.

आठवड्यात दोन प्रकारचे स्लॉट ठेवा. एक मोठा, सलग तीन तासांचा, आठवड्यातून एकदा, डोक्याच्या कामासाठी. बाकी पाऊण तासाचे दोन-तीन, हाताच्या कामासाठी. मोठा स्लॉट रविवारी दुपारी ठेवू नका, रविवारी दुपारी कुणीतरी येतंच. शनिवार किंवा रविवारची सकाळ, आणि जमलं तर घराबाहेर, लायब्ररीत किंवा कॉलेजच्या रिकाम्या स्टाफरूममध्ये. ज्या बायकांना घरात बसून सलग तीन तास मिळणं शक्यच नसतं त्यांना मी कळकळीने सांगते की घराबाहेरची जागा शोधा, त्यासाठी घरच्यांशी एकदा स्पष्ट बोलून घ्या, दर आठवड्याला नव्याने परवानगी मागत बसायची वेळ यायला नको.

रजेचं पण इथेच ठरवा. लोक शिल्लक सीएल सुरुवातीलाच वापरून टाकतात, रिपोर्ट आला त्या जोशात. रजा दोन ठिकाणी ठेवा: एक डेटाचं विश्लेषण परत करायचं असेल तेव्हा सलग दोन-तीन दिवस, आणि एक शेवटी सबमिशनला, कारण पीएचडी सेक्शन ऑफिसच्याच वेळेत उघडं असतं. वरिष्ठांना किंवा प्राचार्यांना तारखेसकट सांगून ठेवा. पार्ट टाइम पीएचडीला एनओसी त्यांनीच दिलेली असते, त्यात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा मागायला संकोच करू नका.

## ५. फाइल, सॉफ्टवेअर, लॉगिन: एका संध्याकाळी आटपा

सबमिट केलेल्या थिसिसची कॉपी "मूळ" नावाने वेगळी ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका. काम दुसऱ्या कॉपीवर, ट्रॅक चेंजेस (वर्डमध्ये प्रत्येक बदल दिसत राहतो ती सोय) चालू करून. फाइलच्या नावात तारीख टाका. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल शेवटची" अशा फाइल्स झाल्या की कुठली खरी तेच कळत नाही, आणि प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाइल्स असतील तर चूक नक्की होते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर थिसिस ठेवू नका. कंपन्यांमध्ये पेन ड्राइव्ह बंद असतात, नोकरी बदलली की लॅपटॉप जमा, आणि आत काय होतं ते मिळत नाही. स्वतःचं मशीन आणि एक क्लाउड बॅकअप.

सर्व्हेवाल्यांनी कच्चा डेटा उघडतोय का ते आजच बघा. एसपीएसएसचं (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स संपलेलं असतं आणि फाइल उघडत नाही हे ऐन वेळी कळतं. जामोवी आणि पीएसपीपी ही दोन्ही फुकट आहेत आणि एसपीएसएसची डेटा फाइल उघडतात. ज्यांनी विश्लेषण बाहेरून करून घेतलं होतं त्यांनी त्या माणसाकडून डेटा फाइल आणि आउटपुट दोन्ही आत्ता मागून घ्या, आणि कुठली टेस्ट का लावली हे समजूनही घ्या, व्हायव्हाला तो माणूस येणार नाहीये.

मराठीतून थिसिस असेल आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप झालेला असेल तर युनिकोडमध्ये बदलायचा की नाही हे आत्ता ठरवा, मध्येच नाही. बदललात तर कन्व्हर्टरनंतर रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं पानोपानी तपासावी लागतात, त्याला स्वतंत्र दिवस धरा. नवीन मजकूर युनिकोडमध्ये आणि जुना श्रीलिपीमध्ये अशी खिचडी करू नका, शोधा-बदला चालत नाही आणि पीडीएफमध्ये सर्चही होत नाही.

## ६. अवघड काम आधी: मेथडॉलॉजी आणि विश्लेषण

सगळ्यांना हात सोप्या कामाला आधी जातो, चार स्पेलिंग दुरुस्त केली की टेबलमध्ये "झालं"च्या चार खुणा दिसतात. पण मेथडॉलॉजीत (संशोधनाच्या पद्धतीत) बदल झाला की तक्ते बदलतात, तक्ते बदलले की विवेचन, मग निष्कर्ष, मग सारांश. खालून सुरू केलंत तर तेच काम दोनदा करावं लागतं. म्हणून क्रम असा: उद्दिष्टं आणि गृहीतकं, नमुना, विश्लेषण, विवेचन, निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

नमुन्याचं समर्थन. हा रिमार्क इतका नेहमीचा आहे की त्यावर जरा थांबते. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली तर मोठ्या समष्टीसाठी (ज्यांचा अभ्यास करायचाय त्या सगळ्या समूहासाठी) ३८४ किंवा ३८५ चा नमुना लागतो, हे गणित सगळीकडे आढळतं. आता तुमचा नमुना ३०० चा असेल आणि तो ओळखीतून, सोयीने घेतलेला असेल, तर आता मागाहून एखादं सूत्र लावून ३०० हा आकडा बरोबर येईल असं बसवू नका. जाणकार एक्झामिनरला ते लगेच दिसतं, आणि मग प्रश्न प्रामाणिकपणाचा होतो. त्यापेक्षा सरळ लिहा: नमुना सोयीने घेतला, का घ्यावा लागला, त्यात कोण सुटलं असण्याची शक्यता आहे, आणि त्यामुळे निष्कर्ष कुठपर्यंत लागू करता येतील. एवढ्या दोन परिच्छेदांनी हा रिमार्क नीट बंद होतो.

टेस्ट. कायवर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का हे बघणारी) लावली असेल तर अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर प्रत्येक खान्यात आला असता तो आकडा) बघा. २० टक्क्यांपेक्षा जास्त खान्यांमध्ये ती ५ पेक्षा कमी असेल तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही, असे गट अर्थ न बिघडवता एकत्र करा किंवा लहान तक्त्याला फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावा. सॉफ्टवेअर "पी = ०.०००" दाखवतं ते तसंच छापलेलं असतं, पी म्हणजे शक्यता, आणि शक्यता शून्य कधी नसते, तिथे "पी < ०.००१" लिहा. आणि गृहीतक "सिद्ध झालं" असं लिहिलेलं असेल तर शून्य गृहीतक (फरक किंवा संबंध नाही असं धरणारं) नाकारलं किंवा नाकारता आलं नाही अशी भाषा करा. हे तिन्ही बदल सगळ्या थिसिसभर करायचे, फक्त एक्झामिनरने दाखवलेल्या पानावर नाही. त्याने उदाहरण म्हणून एक पान दाखवलेलं असतं.

विवेचन. "विवेचन वरवरचं आहे" म्हणजे तक्त्यात जे आकडे आहेत तेच खाली वाक्यात परत लिहिलेत. ६२ टक्के महिलांनी कर्ज घेतलं हे तक्ता सांगतोच आहे. प्रत्येक मुख्य तक्त्याखाली तीन गोष्टींची उत्तरं द्या: यात अनपेक्षित काय आहे, ते का झालं असावं, आणि दुसऱ्या कुठल्या अभ्यासाशी हे जुळतं किंवा जुळत नाही. सगळ्या तक्त्यांना हे करायची गरज नाही, वय-शिक्षणाचे तक्ते सोडा, गृहीतकांशी जोडलेल्या तक्त्यांवरच वेळ घालवा.

गृहीतक ते निष्कर्ष. एका कागदावर उभ्या ओळीत उद्दिष्टं लिहा, समोर गृहीतक, समोर तक्ता, समोर निष्कर्षाचं वाक्य. जिथे जागा रिकामी राहते तिथे थिसिसमध्ये भोक आहे. हा कागद नीट करून थिसिसमध्येच तक्ता म्हणून टाकता येतो, एक्झामिनरला आवडतो आणि व्हायव्हालाही कामाला येतो.

सावध: नवीन डेटा गोळा करायचा मोह टाळा. रिपोर्टमध्ये स्पष्ट मागितला नसेल आणि गाइडनी सांगितलं नसेल तर पुन्हा प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरायचं नाही. नवी आकडेवारी आली की नवे प्रश्न येतात.

तपासा: एखादा आकडा बदलला असेल तर जुना आकडा सगळ्या थिसिसमध्ये सर्च करा. तो सारांशात, निष्कर्षात, शिफारशींत, आणि बऱ्याचदा प्रस्तावनेतही लपलेला असतो.

## ७. संदर्भ आणि बारीक दुरुस्त्या

नवे संदर्भ शेवटी एक गठ्ठा करून चिकटवू नका, "अलीकडील अभ्यास" असा वेगळा परिच्छेद दिसला की कळतंच की करेक्शनला टाकलाय. जिथे तो मुद्दा चालू आहे तिथे बसवा, आणि जो जुना संदर्भ आता लागत नाही तो काढा. युनिव्हर्सिटीचं लायब्ररी लॉगिन सबमिशननंतर बंद झालं असेल तर चालू करून मागा. कॉलेजात शिकवत असाल तर इन्फ्लिबनेट (युनिव्हर्सिट्यांच्या लायब्ररी जोडणारी केंद्रीय संस्था) हिच्या एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ई-जर्नल्सच्या सोयीचं, लॉगिन तुमच्या लायब्ररियनकडे मिळू शकतं.

एआयकडून संदर्भ मागवू नका. नसलेले पेपर, खऱ्या लेखकांच्या नावाने, अगदी खरे वाटतील असे येतात. जो पेपर तुम्ही स्वतः उघडून वाचलेला नाही तो यादीत नको, मग तो कुणीही सुचवलेला असो.

बारीक दुरुस्त्या पाऊण तासाच्या स्लॉटमध्ये, पण एका बैठकीत एकच प्रकार. आज फक्त तक्त्यांचे नंबर, उद्या फक्त मजकुरातले आणि यादीतले संदर्भ जुळवणं, परवा फक्त शुद्धलेखन. सगळं एकदम बघायला गेलं की सगळंच अर्धवट राहतं. झोटेरो किंवा मेंडली (संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर) आधीपासून वापरत असाल तर उत्तम. नसाल आणि संदर्भ दोन-तीनशे असतील, तर आता या टप्प्यावर सगळे त्यात भरत बसू नका, हातानेच जुळवा.

## ८. सिमिलॅरिटी

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये आला तर सहा महिन्यांच्या आत ठरवून दिलेल्या मुदतीत दुरुस्त करून द्यायचा, ४० ते ६० मध्ये एक वर्ष दुरुस्त प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांची नावं, प्रमाणित सूत्रं हे मोजणीतून वगळायचं असतं. तुमच्या युनिव्हर्सिटीचा नियम याहून कडक असू शकतो, तो बघा.

दुरुस्तीत नवा मजकूर आलाय म्हणजे टक्का बदलणार, म्हणून फायनल प्रत काढायच्या आधी रिपोर्ट परत काढा. तुमचेच छापलेले पेपर मॅच म्हणून दिसत असतील तर स्वतः काही वगळू नका, लायब्ररियनना ते पेपर दाखवा आणि युनिव्हर्सिटीत त्याची काय पद्धत आहे ते विचारा. टक्का कमी करायला शब्द बदलून देणारी टूल्स वापरू नका, ती "नमुना त्रुटी" सारख्या ठरलेल्या संज्ञाही बदलून टाकतात आणि वाक्याचा अर्थच जातो. मूळ पेपर बंद करा, त्यात काय म्हटलंय ते स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि संदर्भ द्या.

सावध: बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा कुठल्याही फुकट वेबसाइटवर पूर्ण थिसिस अपलोड करून टक्का बघू नका. फाइल कुठे साठवली जाते ते कळत नाही, आणि नंतर तुमचाच थिसिस तुमच्याशी मॅच झालेला दिसू शकतो.

## ९. जुळवणी

आता ट्रॅक चेंजेसवाली कॉपी वेगळी जपून ठेवा, दुसऱ्या कॉपीत सगळे बदल स्वीकारा. सारांश आणि प्रस्तावना आत्ता दुरुस्त करा. मग सगळं सिलेक्ट करून एफ ९ दाबा म्हणजे अनुक्रमणिका आणि तक्त्यांची यादी अपडेट होईल, अर्थात ती ऑटोमॅटिक केलेली असेल तर. हाताने टाइप केलेली असेल तर एकेक पान बघावं लागेल. मग वर्डच्या कम्पेअरमधून "मूळ" फाइल आणि नवी फाइल शेजारी लावा, चुकून उडालेला परिच्छेद इथे सापडतो.

पीडीएफ करा, आणि त्या पीडीएफमधले पान नंबर बघून टेबलचा शेवटचा रकाना भरा. हे आधी भरलंत तर सगळे नंबर चुकतात, आणि एक्झामिनर पान ११२ उघडतो तर तिथे भलताच तक्ता असतो. त्याला वाटतं दुरुस्ती केलीच नाही. "काय केलं" या रकान्यात "सुधारणा केली" एवढंच लिहू नका. "तक्ता ४.७ ते ४.१५ खाली कारणमीमांसा आणि पूर्व अभ्यासांशी तुलना जोडली, पान १०८ ते १२१" असं लिहा.

तपासा: ज्याने थिसिस वाचलेला नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला फक्त टेबल आणि पीडीएफ द्या आणि कुठल्याही पाच रिमार्कच्या दुरुस्त्या शोधायला सांगा. पटकन सापडल्या तर टेबल बरोबर आहे.

## १०. सह्या, बाइंडिंग, सबमिशन

आधी गाइडना पीडीएफ आणि टेबल पाठवा, त्यांचं "ठीक आहे" मेलवर येऊ द्या, आणि मगच प्रिंट. बाइंडिंग करून सहीला जाणं आणि मग पान बदलावं लागणं हे फार जणांचं होतं, पैसे आणि आठवडा दोन्ही जातो.

प्रिंटच्या आधी पहिली पानं रजिस्ट्रेशन लेटरशी अक्षर न् अक्षर ताडून बघा: शीर्षक, तुमचं नाव, गाइडचं नाव आणि हुद्दा, विद्याशाखा, रिसर्च सेंटरचं नाव. लग्नानंतर नाव बदललं असेल तर रजिस्ट्रेशनवर जे आहे तेच ठेवा किंवा बदलाची प्रक्रिया आधी पूर्ण करा. डिक्लेरेशन आणि सर्टिफिकेटवरची तारीख जुनी राहिलेली नाही ना तेही बघा. किती प्रती, कुठल्या रंगाचं कव्हर, सॉफ्ट की हार्ड बाइंडिंग, सीडी की पेन ड्राइव्ह, हे सगळं युनिव्हर्सिटीच्या सध्याच्या परिपत्रकातून घ्या, सीनियरने तीन वर्षांपूर्वी काय दिलं होतं त्यावर जाऊ नका.

सबमिट करताना कव्हरिंग लेटरची दुसरी प्रत न्या आणि त्यावर तारखेसकट पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. त्याच संध्याकाळी सगळ्याची स्कॅन कॉपी गाइडना मेल करा. नियमाप्रमाणे थिसिस सबमिट झाल्यापासून व्हायव्हाच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया युनिव्हर्सिटीने सहा महिन्यांत पूर्ण करायची असते, तेव्हा महिनाभर काहीच कळलं नाही तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून मेलवर विचारा, आणि गाइडनाही कॉपी ठेवा.

शोधगंगासाठी (थिसिसच्या ऑनलाइन साठ्यासाठी) सहसा प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ मागतात, डिग्री देण्याआधी ही इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जायची असते. ती व्हायव्हानंतरच्या करेक्शन्स केलेल्या फायनल फाइलमधूनच करा, जुनी प्रत वर गेली की ती बदलून घ्यायला बरेच हेलपाटे पडतात. नोटिफिकेशन (डिग्री जाहीर झाल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र) हातात आलं की त्याची साक्षांकित प्रत जोडून नोकरीच्या ठिकाणी आस्थापना विभागाकडे लगेच अर्ज द्या आणि सर्व्हिस बुकात नोंद झाली का ते स्वतः पान उघडून बघा, कारण पुढे प्रमोशनच्या किंवा कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या) फाइलवर नोटिफिकेशनची तारीख विचारली जाते आणि तेव्हा तो कागद शोधायला वेळ नसतो.